सागाच्या वलयांतून ज्वालामुखीच्या उद्रेकाचं साल काढताना: आधी वलयांची जुळणी, मग गंधकाचा शोध

कोअर (खोडातून काढलेली लाकडाची बारीक कांडी) काढला, प्रयोगशाळेत पाठवला, एका वलयात गंधक वाढलेलं दिसलं, उद्रेकांच्या यादीत जवळचं साल शोधलं आणि ‘तंबोरा, १८१५’ असं लिहून टाकलं. पदव्युत्तर प्रकल्पांमध्ये हा क्रम वारंवार दिसतो, आणि तो उलटा आहे. साल सांगतं ते वलय, तेही दहा-वीस झाडांशी जुळवून घेतल्यावर. गंधक काय किंवा कॅल्शियम काय, फार तर एवढंच सांगतं की त्या वर्षी झाडाच्या मुळांपर्यंत किंवा पानांपर्यंत नेहमीपेक्षा वेगळं काहीतरी पोचलं. ते ज्वालामुखीचं होतं की साखर कारखान्याच्या धुराड्याचं, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

कोल्हापुरातून काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. पन्हाळा आणि जोतिबाच्या डोंगराचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्याचं वय वलयांवरून निघत नाही, ही पद्धत फार तर दहा-बारा हजार वर्षांपर्यंत चालते. दुसरं म्हणजे इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी इथून पाच हजार किलोमीटरहून लांब आहे. तिथली राख इथल्या सागावर पडलेली नाही आणि वायूंचा जो अंश आला असेल तो इथल्या स्थानिक गंधकात बुडून जातो. त्यामुळे इथल्या सागावर हात बसवावा आणि खरा प्रश्न ज्वालामुखीजवळच्या लाकडाला विचारावा. त्यासाठी जावाचा साग उत्तम. झाड तेच, आजूबाजूला केलुड, मेरापी, गालुंगगुंगसारखे जागे ज्वालामुखी, आणि तिथल्या सागाचा १५१४ पासूनचा वलयक्रम डच शास्त्रज्ञ बर्लागे यांनी १९३१ मध्येच मांडलेला आहे.

## टप्पा १: प्रश्न कागदावर लिहा

झाडाला हात लावण्याआधी तीन ओळी लिहून तारीख टाका. कोणता उद्रेक किंवा कोणता कालखंड तपासायचा? कोणती मूलद्रव्यं बदलायला हवीत, आणि वाढतील की घटतील? उद्रेकानंतर किती वर्षांपर्यंतचा बदल ग्राह्य धरणार? या ओळी निकाल हाती आल्यावर लिहिल्या तर त्यांना किंमत नाही. तीस मूलद्रव्यं आणि शंभर वलयं तपासली की निव्वळ योगायोगानेही डझनभर उंच आकडे निघतातच.

पहिल्या वेळी साल माहीत असलेला उद्रेक घ्या. केलुडचा मे १९१९ चा उद्रेक किंवा मेक्सिकोतला पारिकुटिन (१९४३ ते १९५२) सरावाला चांगले. माहीत असलेलं साल पद्धतीने बरोबर निघालं नाही, तर माहीत नसलेलं काढायला जाऊ नका.

## टप्पा २: झाड आणि जागा

दाजीपूर-राधानगरीच्या जंगलात जुनी झाडं भरपूर आहेत. पण जांभूळ, अंजनी अशा सदाहरित झाडांची वलयं स्पष्ट नसतात. सागाचं तसं नाही. उन्हाळ्यात पानं गाळून तो थांबतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला रुंद नळ्यांची नवी ओळ घालतो. भिंगाखाली ही ओळ फिकट पट्ट्यावर टोचलेल्या छिद्रांसारखी दिसते.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे उसाच्या बांधावरचा साग. मालक ओळखीचा, परवानगी सोपी, म्हणून तोच निवडला जातो. उसाला दिलेलं पाणी त्यालाही मिळत असल्याने त्याला कोरडा ऋतू नीट जाणवत नाही आणि वलयांच्या कडा पुसट होतात. शिवाय अमोनियम सल्फेट आणि सिंगल सुपर फॉस्फेट या दोन्ही खतांत गंधक असतं, ते थेट मुळांशी जातं.

जागा निवडताना हे टाळा:

- साखर कारखान्यांचा परिसर. रस शुद्ध करताना गंधक जाळून त्याचा वायू वापरतात, आणि बॉयलरच्या धुराची राख वेगळीच.
- गुऱ्हाळं आणि पाचट जाळण्याचे पट्टे. गुळाला रंग यावा म्हणून वापरतात त्या हायड्रॉसमध्येही गंधक असतं.
- शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचा परिसर.
- पंचगंगेच्या पुराच्या रेषेखालची झाडं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांचा गाळ मुळांवर बसला आहे.
- राधानगरी-शाहूवाडीकडच्या बॉक्साइट खाणींजवळचे सडे. तिथल्या जांभ्याच्या धुळीत ॲल्युमिनियम आणि लोह भरपूर असतं.

आता या भागातला सर्वांत मोठा सापळा. ज्वालामुखीच्या राखेची खूण म्हणून टायटॅनियम, व्हॅनेडियम, लोह आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं (लँथेनमसारखी) पाहतात. पण आपली काळी माती मुळात लाव्हाचीच बनलेली आहे. घाटात रस्ता फोडला, शेजारी विहीर खणली, खडी क्रशर बसला, की हीच मूलद्रव्यं धुळीतून पानांवर आणि सालीवर येतात. रसायनाच्या नजरेने ते ‘ज्वालामुखीचं’ दिसतं आणि ते खरंही असतं, फक्त ६.६ कोटी वर्षं जुनं! म्हणून प्रत्येक जागेची माती दोन खोलींवरून (०–१० सेंमी आणि ३०–४० सेंमी) प्रत्येकी अर्धा किलो घेऊन ठेवा. लाकडातली वाढ त्या मातीच्याच प्रमाणात असेल, तर ती धूळ समजावी.

एका जागेवर किमान २० झाडं जुळवणीसाठी घ्या आणि त्यातली ५ ते ८ रसायनासाठी निवडा. त्याच जातीची, पण राखेच्या पट्ट्याबाहेरची तेवढीच झाडं तुलनेसाठी हवीत. तुलनेची जागा नसेल तर काम सुरूच करू नये असं आमचं ठाम मत आहे.

इशारा: राखीव वनात कोअर काढायला वनविभागाची लेखी परवानगी लागते. राधानगरी अभयारण्यासाठी वन्यजीव विभागाची परवानगी वेगळी. आधी अर्ज, मग प्रवास.

जुन्या वाड्यांच्या तुळया आणि खांब वखारीत मिळतात. वलयं मोजायला ते उपयोगी, रसायनासाठी मात्र जपून. लाकूड दांडेलीचं की ब्रह्मदेशातलं हे बहुधा कळत नाही. चुना, रंग, वाळवीचं औषध आणि खिळ्यांचा गंज आत उतरलेला असतो. तासताना सालीकडचं पांढरं लाकूड गेलं असेल, तर शेवटचं साल कधीच कळणार नाही.

## टप्पा ३: कोअर काढणे

जानेवारी ते एप्रिलमध्ये जा. झाड थांबलेलं असतं, शेवटचं वलय पूर्ण असतं आणि कोअरला बुरशी येत नाही.

सोबत ठेवा: ५.१५ मिमी आणि १२ मिमी असे दोन इन्क्रिमेंट बोरर (खोडात फिरवून कोअर काढायची पोकळ गिरमिटं), इथेनॉल, डिस्टिल्ड पाणी, धूळ न सोडणारे कागदी रुमाल, पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे, कागदी नळ्या, पेन्सिल, होकायंत्र आणि उतार मोजायचं साधन.

१. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, उताराला आडव्या दिशेने भोक घ्या. उताराच्या वरच्या-खालच्या बाजूला झाड वाकण्याच्या ताणाचं लाकूड बनवतं. तिथली वलयं एकीकडे फुगलेली असतात आणि त्यांचं रसायनही वेगळं असतं.

२. बोररचं तोंड खोडाला काटकोनात ठेवून दाबून फिरवा. गाभ्याच्या थोडं पुढे गेल्यावर काढणी-पट्टी आत सरकवा, बोरर अर्धा फेरा उलटा फिरवा म्हणजे कोअर तुटेल, मग पट्टी ओढा. बोरर लगेच बाहेर काढा. सागात सिलिका असल्याने धार लवकर जाते आणि आत विसावलेला बोरर अडकतो.

३. प्रत्येक झाडाचे दोन पातळ कोअर (जुळवणीसाठी) आणि एक जाड कोअर (रसायनासाठी) घ्या. जाड कोअर पातळच्या शेजारी, ५ सेंमीच्या आत असावा, म्हणजे वलयं एकास एक जुळवता येतात.

४. दोन झाडांच्या मध्ये बोरर पाण्याने आणि मग इथेनॉलने पुसा. रोजचा पहिला जाड कोअर फेकून द्या, त्याने बोरर लाकडानेच धुतला जातो.

जाड बोरर लागतोच का, याचा हिशेब करून पाहा. बोररच्या पोलादाचे कण कोअरच्या बाहेरच्या थरात घासले जातात, म्हणून सगळीकडून १ मिमी तासून टाकावा लागतो. १२ मिमीचा कोअर १० मिमी उरतो. वलय ३ मिमी रुंद आणि लाकडाची घनता दर घन सेंमीला ०.६ ग्रॅम धरली, तर एका वलयाचे सुमारे ०.१४ ग्रॅम लाकूड मिळतं. ५.१५ मिमीच्या कोअरमधून तेच ०.०१४ ग्रॅम, म्हणजे दहावा हिस्सा. तेवढ्यात ॲसिडने विरघळवण्याची पद्धत नीट चालत नाही. मग दोन-तीन वलयं एकत्र करण्याचा मोह होतो आणि एका वर्षाचा नेमकेपणा, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच जातो.

इशारा: बोररला तेल, ग्रीस, मेण किंवा गंज सोडवायचा स्प्रे लावू नका. प्लास्टिकच्या नळीत कोअर घामेजतो. शाईच्या पेनातही धातू असतात, नळीवर पेन्सिलनेच लिहा.

तपासणी: मार्च २०२५ मध्ये काढलेल्या कोअरचं सालीला लागलेलं वलय २०२४ चं असलं पाहिजे. साल कोअरसोबत आलीच नसेल, तर नळीवर तसं ठळक लिहा.

## टप्पा ४: वलयांना साल लावणे

इथे घाई केली तर पुढचं सगळं व्यर्थ. पातळ कोअर लाकडी खाचेत चिकटवा, १२०, २२०, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने मारा, ०.०१ मिमीपर्यंत रुंदी मोजा. आधी डोळ्यांनी अरुंद वलयांच्या खुणा कागदाच्या पट्टीवर मांडून झाडं एकमेकांशी जुळवा, मग ‘कोफेचा’ या वलयांची जुळणी तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रामने तपासा. ५० वर्षांचे तुकडे २५ वर्षांनी सरकवत घेतले, तर ९९ टक्के पातळीची सहसंबंधाची मर्यादा ०.३२८१ येते. त्याखालचा प्रत्येक तुकडा पुन्हा भिंगाखाली घ्या. प्रोग्राम शंका दाखवतो, निर्णय लाकूड पाहूनच घ्यायचा.

आपल्याकडचा साग दोन वेळा फसवतो. मे महिन्यात वळीव चांगला झाला की झाड जागं होतं, मग जूनचा पाऊस लांबला की पुन्हा थबकतं. किंवा जुलै-ऑगस्टमध्ये मोठी उघडीप पडते. दोन्ही वेळा खोटं वलय दिसू शकतं. खऱ्या वलयाची कड चाकूने आखल्यासारखी असते. तिच्या बाहेर लगेच रुंद नळ्यांची ओळ येते आणि ती खोडाभोवती अखंड फिरते. खोट्याच्या कडेला नळ्या हळूहळू बारीक होत जातात आणि पुढे गेल्यावर रेघ विरते. दुसऱ्या बाजूच्या कोअरमध्ये ती सापडली नाही, तर खोटी समजा.

एक स्वतंत्र ताळा घ्या. अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सर्गी कार्बन १९५५ नंतर वाढत गेला आणि १९६३-६५ च्या सुमारास कळसाला पोचला. तुम्ही १९६० ते १९६६ म्हणता त्या वलयांत ही चढण दिसली नाही, तर मोजणी चुकली. नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये अशी मोजमापं होतात.

खूप जुन्या लाकडात इ.स. ७७४-७७५ ची किरणोत्सर्गी कार्बनची अचानक उसळी हाच खुंटा आहे. चीन-कोरिया सीमेवरच्या चांगबाईशानचा महाउद्रेक असाच पक्का झाला: त्यात मेलेल्या झाडात ती उसळी शोधली, तिथून सालीपर्यंत वलयं मोजली आणि साल आलं ९४६. गंधकाचा तिथे संबंधही आला नाही.

इशारा: वाढीचा ऋतू कधी असतो ते लिहून ठेवा. कोल्हापूरच्या सागाचं वलय एकाच कॅलेंडर वर्षात बसतं. जावात पावसाळा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतो, म्हणजे वलय दोन वर्षांत पसरतं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला वलयाला वाढ सुरू झाल्याचं साल देण्याची रूढी आहे. त्या रूढीने केलुडच्या मे १९१९ च्या उद्रेकावेळी ‘१९१८’ चं वलय जवळजवळ मिटलेलं होतं, तेव्हा खूण ‘१९१९’ च्या वलयात शोधायची. ही नोंद नसेल तर एका वर्षाची चूक ठरलेली.

## टप्पा ५: रसायनासाठी लाकूड तयार करणे

जाड कोअरला पॉलिश पेपर लावायचा नाही. त्याचे सिलिकॉन कार्बाइडचे किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण नळ्यांत रुतून बसतात. डिंकही नको.

१. सिरॅमिक पात्याने बाहेरचा १ मिमी थर काढा. प्रत्येक वलयाला पातं पुसा.

२. शेजारच्या पातळ कोअरवरून सालं लावा आणि वलयं सुटी कापा. उद्रेकाआधीची २० आणि नंतरची १० वलयं पुरतात.

३. प्रत्येक तुकड्याला उलटसुलट सांकेतिक क्रमांक द्या. यंत्रावर बसणाऱ्याला साल कळता कामा नये.

४. ६० अंश सेल्सिअसला ४८ तास वाळवून वजन करा.

सागातलं तेलकट द्रव्य हा वादाचा मुद्दा. टोल्युइन-इथेनॉलने ते धुतलं की लाकडात फिरलेली द्रव्यं जातात, पण सैल बांधलेली मूलद्रव्यंही जातात. तीन झाडांच्या वलयांचे दोन भाग करा, एक धुतलेला, एक तसाच. खूण दोन्हींत दिसली तरच धरा.

तपासणी: १० पट भिंगाने प्रत्येक तुकडा पाहा. सागाच्या पोकळ्यांत कॅल्शियम फॉस्फेटचे पांढरे साठे असतात. असा एक खडा तुकड्यात आला की कॅल्शियम आणि फॉस्फरस एकदम उसळतात. दोन्ही एकत्र, एकाच झाडात, एकाच वलयात वाढलेले दिसले तर पहिला संशय या खड्याचा.

## टप्पा ६: यंत्रावर

०.१ ग्रॅम लाकडाला ३ मिली अतिशुद्ध नायट्रिक ॲसिड आणि १ मिली हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. फ्यूम हूडमध्ये झाकण सैल ठेवून अर्धा तास थांबा. लाकूड फेसाळतं, लगेच बंद केलेलं भांडं धोक्याचं. मग मायक्रोवेव्हमध्ये १८० अंशांना २० मिनिटं, आणि थंड झाल्यावर अतिशुद्ध पाण्याने २५ मिली करा.

प्रयोगशाळेला ‘सगळी मूलद्रव्यं काढा’ असं सांगू नका, पुढचं स्पष्ट विचारा. साध्या आयसीपी-एमएसवर (मूलद्रव्यं वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) गंधकाच्या ३२ वस्तुमानावर ऑक्सिजनच्या जोडीचा आकडा येऊन बसतो. म्हणून गंधक आयसीपी-ओईएसवर (प्रकाशाच्या रेषांवरून मोजणारं यंत्र) १८२ नॅनोमीटरजवळच्या रेषेवर घ्या, किंवा एमएसमध्ये ऑक्सिजन कक्ष वापरून ४८ वर मोजा. कॅल्शियम ४० वर आरगॉन आडवा येतो, तेव्हा ४३ किंवा ४४ घ्या. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांना मात्र एमएसच हवं. समजा लाकडात लँथेनम ग्रॅमला १० नॅनोग्रॅम आहे, तर वरच्या द्रावणात ते लिटरला ४० नॅनोग्रॅम उरतं. ओईएसला ते दिसणारही नाही.

दर १० नमुन्यांमागे एक रिकामी कुपी (लाकूड न घालता फक्त रसायनांची), एक दुबार नमुना आणि एक प्रमाणित वनस्पती-नमुना (अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची १५७५ए पाइन पानं चालतात) लावा. रिकाम्या कुप्यांच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट आकड्याखालचं काहीही ‘सापडलं’ म्हणू नका.

## टप्पा ७: आकडे वाचणे

सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या, कारण एकच उंच आकडा सरासरी ओढून नेतो. समजा गंधकाचा मध्यक ६० आणि मध्यकापासूनच्या निरपेक्ष फरकांचा मध्यक ४ आहे. मर्यादा येते ६० + (३ × १.४८ × ४), म्हणजे सुमारे ७८. आलेखावर ७२ चं टोक कितीही डोळ्यांत भरलं, तरी ते पार्श्वभूमीतलंच.

मर्यादा ठरल्यावर सांकेतिक क्रमांक उघडा आणि हे प्रश्न याच क्रमाने विचारा.

वलय अरुंद आहे का? सागाच्या अरुंद वलयात रुंद नळ्यांचाच भाग जास्त असतो, त्यामुळे प्रमाण आपोआप बदलतं. आकड्याला वलयाच्या वजनाने गुणून पाहा. वाढ नाहीशी झाली तर ती खूण नव्हती.

पांढऱ्या आणि पक्क्या लाकडाची सीमा जवळ आहे का? तिथे पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, मँगनीज उद्रेकाविनाही उडी मारतात. सालीकडच्या पांढऱ्या लाकडात रस अजून वाहतो, तिथली खूण शेजारच्या वलयांत पसरते. पोटॅशियम, सोडियम आणि फॉस्फरसवर एकट्याने कधीच भिस्त ठेवू नका.

दिशा आणि उशीर अर्थपूर्ण आहेत का? राख थेट कॅल्शियम आणते, पण आम्लयुक्त पाऊस मातीतलं कॅल्शियम धुऊन नेतो आणि मँगनीज, ॲल्युमिनियम मोकळं करतो. म्हणजे कॅल्शियम घटणं हीही खूण असू शकते. गंधक माती आणि पालापाचोळ्यात फिरून मुळांकडे येतं, त्यामुळे त्याला एक ते काही वर्षं उशीर होतो. उद्रेकाच्या आधीच सुरू झालेली वाढ उद्रेकाची नाही.

किती झाडं? एकाच वलयात, किमान तीन झाडांत, किमान दोन वेगळ्या गटांची मूलद्रव्यं (वायूंचं गंधक आणि राखेची दुर्मिळ मृदा, उदाहरणार्थ), आणि तुलनेच्या झाडांत शांतता. यातलं एक जरी हुकलं तर निकाल ‘अनिर्णित’.

हे सगळं झाल्यावरच उद्रेकांची यादी हातात घ्या.

## टप्पा ८: निकाल लिहिताना

‘१९१९ चा उद्रेक सिद्ध झाला’ असं लिहू नका. किती झाडांपैकी कितींत, कोणत्या वलयात, कोणती मूलद्रव्यं, किती पट आणि किती वर्षांच्या उशिराने, हे लिहा. न जुळलेली झाडंही तक्त्यात ठेवा. तुर्कस्तानातल्या प्राचीन जुनिपर लाकडावरचं २०२० चं काम नमुन्यादाखल पाहा. तिथे आधी वर्षावर्षाच्या किरणोत्सर्गी कार्बनने वलयांचा काळ पक्का केला, मग क्ष-किरणांनी तपासल्यावर इ.स.पू. १५६० च्या सुमारास कॅल्शियमचा बिघाड दिसला. तो ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावरच्या उद्रेकाचा असू शकतो, पण आणखी झाडांत पडताळावा लागेल, असं त्या संशोधकांनीच लिहिलं आहे.

उरलेलं लाकूड टाकू नका. वलयांचे उरलेले तुकडे आणि जाड कोअरचा न वापरलेला भाग कागदी नळीत, झाडाचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, उंची आणि काढल्याची तारीख लिहून, सिलिका जेलच्या डब्यात कोरडे ठेवा. तुमच्या १९१९ वर कुणी शंका घेतली, तर तेच वलय पुन्हा तपासता आलं पाहिजे.